जुन्या जिनमधली गुणगुण

भुतांशी माझं पहिल्यापासून पटत नाही. आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा रिकामा केला, तेव्हा देवांबरोबर भुतंही गेली, असं बाबा सांगायचे. त्यात माझा धंदा विजेचा. ‘पॅनेलरूममध्ये काहीतरी आहे’ असं कुणी कुजबुजलं की मला आधी राग येतो आणि मग मी टेस्टर काढते. काहीतरी असतंच. कधी सैल नट असतो, कधी पाल असते, कधी पाणी शिरलेलं असतं. अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये मात्र भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तो अजूनही आठवणीनं येतो.

मी बडनेऱ्याला राहते. अमरावती ते अकोला या पट्ट्यातल्या जिनिंगा, दाल मिल, तेल मिल यांचे ब्रेकर साफ करून, तपासून देणं हे माझं काम. ब्रेकर म्हणजे घरातल्या एमसीबीचा थोरला भाऊ, दोन माणसांनी उचलावा एवढा. तो खणात बसलेला असतो. आधी त्याला बंद करायचं, मग हँडल फिरवून खणातून बाहेर ओढायचं, कुलूप लावायचं, टेस्टर लावून तार मेली आहे का बघायचं, अर्थिंग जोडायचं आणि मगच हात घालायचा. यातली एकही पायरी मी गाळू देत नाही. माझ्या हाताखालची माणसं मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडी. सगळ्यांचे दोन्ही हात शाबूत आहेत.

कापसाचा हंगाम संपला की जिनिंगा बंद होतात, म्हणून माझा हंगाम उन्हाळ्यात. त्या वर्षी या जिनिंगनं नेहमीच्या कामाबरोबर आणखी एक काम काढलं होतं. आवारात मागच्या बाजूला जुनं जिन होतं, कापसातून सरकी काढायच्या मशिनींचं, बरीच वर्षं बंद पडलेलं. ते पाडायचं ठरलं होतं. भंगारवाले सकाळीच येऊन कडुनिंबाखाली बसले होते, करवती आणि पहारी घेऊन. पॅनेलरूमपासून जुन्या जिनपर्यंत जमिनीतल्या नालीतून जाडजूड केबल गेली होती, ती त्यांना आधी कापायची होती. केबल मेलेली आहे असं मी म्हटलं की त्यांची करवत चालणार होती.

हे ‘मेलेली आहे’ म्हणणं फार जोखमीचं असतं. माझ्या शब्दावर दुसऱ्याचा हात जातो.

पॅनेलरूममध्ये ब्रेकर एका ओळीत होते. सगळ्यात टोकाचा जुन्या जिनचा. त्याच्या दारावर हिरवा दिवा जळत होता, म्हणजे ब्रेकर बंद. दारावरची मूठ ‘बंद’वर वळवलेली, आणि मुठीत एक गंजलेलं कुलूप. इथला हेडमिस्त्री माझ्याबरोबर होता. साठीकडे झुकलेला, जिनिंगमध्ये जन्म काढलेला माणूस.

“म्याडम, हा बंदच हाय,” तो म्हणाला. “दिवा पाहा, कुलूप पाहा. हो म्हना अन् मोकळ्या व्हा.”

“ब्रेकर बाहेर काढून दाखवा, मग म्हणते.”

तो जागचा हलला नाही. “थो निघत नाई.”

“निघत नाही म्हणजे? गंजला?”

“गंजला नाई.” त्यानं इकडंतिकडं पाहिलं. “आतून धरून ठेवते.”

मग त्यानं सांगितलं. या ब्रेकरवर त्यांचा एक वायरमन गेला होता. याच्या मागच्या बाजूला, जिथं केबल जोडलेली असते तिथं त्यानं हात घातला आणि तिथंच राहिला. मिस्त्रीनं धावत जाऊन मेन पाडलं होतं. मागाहून लाइन चालू केली तेव्हा या ब्रेकरचा दिवा हिरवा होता, म्हणजे झटक्यासरशी हा आपोआप बंद पडला होता. यावरून सगळ्यांनी धरलं ते असं, की तोवर ब्रेकर चालूच होता आणि त्यानं चालू ब्रेकरमध्ये हात घातला. असा जुना, जाणता वायरमन असं कशाला करेल? लोक म्हणाले, घरात काही झालं असेल. मग जुनं जिन बंद केलं, आणि त्या दिवसापासून या ब्रेकरला कुणी बोट लावलं नाही. एकदा कुणी बाहेर काढायला गेलं, तर हँडल आत जाईना.

मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या आणि हँडल घेतलं. शेजारच्या ब्रेकरमध्ये ते लोण्यात सुरी जावी तसं जात होतं. या ब्रेकरमध्ये भोकापाशी अडलं. भोकावर एक पत्र्याची झडप असते, ती उघडेना. मी जोर लावला. आतून कुणी तितकाच जोर लावतंय असं हाताला जाणवलं. मी हँडल काढलं, तळहाताचा घाम पुसला आणि पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

ब्रेकरच्या छातीवर एक छोटी काचेची खिडकी असते. आतला ब्रेकर खरोखर चालू आहे की बंद ते तिथं दिसतं, चालू असेल तर लाल पाटी, बंद असेल तर हिरवी. या ब्रेकरची खिडकी दिसतच नव्हती. तिच्यावर कुंकवाचा जाड थर बसला होता. खंडेनवमीला सगळ्याच मशिनींना हळदकुंकू लागतं, सगळ्याच पॅनेलवर थोडे डाग होते, पण इथं वर्षांवर वर्षं थापलेलं होतं, सुकून तडे गेलेलं.

“हे पुसत का नाही कुणी?”

“त्याच्या बाईनं लावेल हाय थे,” मिस्त्री म्हणाला. “कोन पुसन?”

कुंकू आमच्या घरातलं नाही. दुसऱ्याच्या घरचं, त्यातही अशा ठिकाणचं, आपण कसं पुसावं, म्हणून माझाही हात अडला. झडप गंजली असेल, जेवण झाल्यावर दार उघडून बघू, असं म्हणून मी बाहेर आले.

बाहेर ऊन असं होतं की आवारात कुत्रंसुद्धा नव्हतं. मी सावली शोधत होते, तेवढ्यात झाडझूड करणारी बाई डबा घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. “म्याडम, जुन्या जिनमंदी गारवा हाय. चला,” म्हणाली. कपाळ मोकळं होतं. मला कळलं, ही तीच. नवरा गेल्यावर जिनिंगनं तिला झाडलोटीच्या कामावर घेतलं होतं.

जुन्या जिनमध्ये तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. आत अंधार नव्हता, पण उजेडही धड नव्हता. दोन्ही बाजूंना जिन मशिनींच्या रांगा, आणि सगळ्यावर, मशिनींवर, पट्ट्यांवर, कोळिष्टकांवर, रुईची करडी म्हातारी बसलेली. पाऊल टाकलं की आवाजच होत नव्हता. आमच्या मागून कुणी चालत असतं तरी कळलं नसतं. ती सराईतपणे टोकापर्यंत गेली. तिथं भिंतीशी एक लोखंडी कपाट होतं, मोटारी चालू करायचं स्टार्टर पॅनेल. त्याला पाठ टेकून ती बसली. तिच्या पाठीएवढी जागा तिथं घासून स्वच्छ झाली होती.

मी तिच्यासमोर कापसाच्या गाठीच्या एका तुकड्यावर बसले. तिनं भाकर आणि ठेचा काढला, अर्धा माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला. आम्ही जेवायला लागलो.

मग मला ते ऐकू आलं.

अगदी बारीक. कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असं. आधी वाटलं गांधीलमाश्या. पण माश्या थांबतात, पुढेमागे होतात. हे एकसुरी होतं, न थकणारं, आणि ते तिच्या पाठीमागून येत होतं.

“आयकू आलं?” ती म्हणाली. ती शांतपणे जेवत होती. “थे हाय. काम करताना आसंच गुनगुनत. घरी बी. म्या रोज इथंच बसतो जेवाले.”

माझे बाबा, आजोबा, रिकामा देव्हारा, सगळं त्या क्षणी बडनेऱ्याला राहिलं होतं. दातांत तो आवाज जाणवत होता. तिच्या खांद्यामागं कपाटाच्या दाराला बारीक फट होती आणि त्या फटीकडे बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

“तुमी लाइनीतल्या हाय,” ती म्हणाली. “म्या परत्येकाले इचारतो. कोनी नीट सांगत नाई. चालू ब्रेकरमंदी मानूस हात कावून घालीन?”

“चुकून,” मी म्हणाले.

“थे चुकनारे नोते.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. साधंच. डबा घेतला नाई त्यायनं. लोकायनं मले तोंडावर इचारलं, घरात काई झालं होतं का म्हून. म्या काय सांगू? झालं तर होतं.”

आता मला कळलं, ही रोज या कपाटाला पाठ लावून काय ऐकत बसते. आवाज तर होताच. पण तिला त्या आवाजाकडून एक उत्तर हवं होतं, तो जाणूनबुजून गेला की काय, आणि ते तिला इतकी वर्षं मिळालेलं नव्हतं. मला तिची दया आली, आणि त्या तोंडावर विचारणाऱ्यांचा संताप आला.

“माह्यावर रागवेल आसते तं रोज आले नसते,” ती आवाजाबद्दल म्हणाली. “रोज येते. फकस्त लाइन गेली का थे बी चूप होते. लाइन आली का पुन्ना सुरू.”

ती हे सहज म्हणाली, पावसात छत गळतं असं सांगावं तसं. माझ्या हातातला डबा खाली ठेवला गेला.

लाइन गेली की चूप. म्हणजे कपाटात ट्रान्स्फॉर्मर आहे, मुठीएवढा, आणि तो चालू आहे. म्हणजे कपाटात वीज येते आहे. म्हणजे ती केबल जिवंत आहे.

“ताई,” मी म्हणाले, “उठा. मागं हात टेकू नका. सरळ माझ्याकडे या.”

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती निमूट उठली. मी पिशवीतून टेस्टर काढला. कपाटाच्या पत्र्याला लावला, काही नाही. नशीब थोर. दार उघडून आतल्या जोडणीला लावला आणि तो बोंबलायला लागला. इतकी वर्षं ती बाई जिवंत विजेला पाठ टेकून भाकर खात होती.

मी पळत बाहेर आले. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. भंगारवाले नालीपाशी होते, वरच्या फरशा काढून झाल्या होत्या, आणि एक जण केबलवर पाय देऊन बसला होता. करवत केबलवर टेकवलेली होती, ओढायची राहिली होती. मी ओरडले ते काय ओरडले मला आठवत नाही. तो उठून मागं सरला. मिस्त्रीनंच सांगितलं म्हणे, दिवा हिरवा आहे, करा सुरू. मी मिस्त्रीला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पॅनेलरूममध्ये आम्ही तिघंही परत आलो, मी, मिस्त्री आणि ती. हिरवा दिवा तसाच शांत जळत होता. मला पहिल्यांदा त्या दिव्याचीच भीती वाटली. मी तिला म्हणाले, “ताई, हे कुंकू पुसायला पाहिजे. मी पुसणार नाही, तुम्ही पुसा.”

“कावून?”

“त्याच्या मागं जे लिहिलंय ते बघायचंय.”

ती जरा वेळ उभी राहिली. मग पदराचं टोक ओलं केलं आणि घासायला लागली. थर निघता निघत नव्हता. तिनं नखानं खरवडलं. खालची काच दिसायला लागली, आणि काचेच्या आतही लालच होतं. तिला वाटलं कुंकू आतपर्यंत मुरलंय, म्हणून ती आणखी जोरानं घासत राहिली. मी तिचा हात धरला. ती पाटी होती. लाल पाटी. ब्रेकर चालू होता.

मिस्त्री भिंतीला टेकला.

झडप का उघडत नव्हती ते आता सरळ होतं. चालू ब्रेकर कुणी बाहेर ओढू नये म्हणून तो स्वतःच भोक झाकून घेतो. तो अडून बसला होता तो माणसं मरू नयेत म्हणून, आणि आम्ही सगळे हिरव्या दिव्याला मानत होतो.

“आता मी मेन पाडणार,” मी तिला सांगितलं. “सगळी वीज जाईल. आणि नंतर हा ब्रेकर काढला की जुन्या जिनमध्ये पुन्हा कधी वीज जाणार नाही.”

तिला समजलं. “मंग थो आवाज?”

“बंद होईल. कायमचा.”

मी थांबले. ती नाही म्हणाली असती तरी मी मेन पाडलंच असतं, पण तिचं ऐकल्याशिवाय हात उचलवत नव्हता. ती म्हणाली, “जरा थांबा,” आणि बाहेर गेली. आम्ही उन्हात तिची पाठ जुन्या जिनच्या दारात शिरताना पाहिली. आत तिनं काय केलं मला माहीत नाही. आल्यावर डोळे कोरडे होते. “पाडा,” म्हणाली.

मेन पडलं. पंखा थांबला, दिवे गेले, तो हिरवा दिवाही गेला. टेस्टर लावून सगळीकडं तपासलं, अर्थिंग जोडलं. मग टोकाच्या ब्रेकरच्या छातीवरचं बंद करायचं बटण मी अंगठ्यानं दाबलं. आतून धाडकन आवाज झाला, इतकी वर्षं ताणून धरलेलं काहीतरी सुटल्यासारखा, आणि खिडकीतली पाटी पलटून हिरवी झाली. हँडल लावलं. झडप आपसूक बाजूला झाली.

ब्रेकर पूर्ण बाहेर काढायला दार उघडायला हवं होतं, आणि दाराच्या मुठीत ते गंजलेलं कुलूप.

“हे कुणाचं?”

“कंपनीचं आसन,” मिस्त्री म्हणाला. “नंतर साहेबलोकायनं लावलं आसन. आनतो करवत.”

“थांबा,” ती म्हणाली. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि त्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. नवऱ्याच्या कमरेला असायचा तो, करदोड्याला. घराची किल्ली तिनं दाखवली, सायकलची दाखवली. उरली एक छोटी, पितळी. “इचं कुलूप मले घरात कुठंच सापडलं नाई.”

किल्ली आत गेली. गंजामुळं फिरेना. मी तेलाचा थेंब सोडला आणि तिनंच पुन्हा फिरवली. कुलूप उघडलं.

मिस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

मी दार उघडून ब्रेकर ओढून घेतला. आतला एक लहानसा दांडा तुटलेला होता. ब्रेकर चालू आहे की बंद, ही खबर तो दांडा दिव्याला देतो, आणि मुठीचा हुकूमही त्याच्याच जोडणीतून आत पोचतो. तो तुटून ‘बंद’च्या बाजूला पडला होता. तेव्हापासून दिवा हिरवाच राहिला, आणि मूठ कितीही वळवली तरी ब्रेकर बंद होणार नव्हता.

मी तिला हे सगळं हातात दांडा देऊन सांगितलं. तुमच्या माणसानं मूठ बंदवर वळवली. दिवा हिरवा बघितला. मुठीला आपलं कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला बांधली, म्हणजे आपण आत असताना कुणी चालू करू नये. मग मागं जाऊन हात घातला. ब्रेकर झटक्यानं बंद पडला नव्हता. तो बंद झालाच नव्हता.

“म्हनजे त्यायनं बंद केलं होतं?”

“केलं होतं. मरायला निघालेला माणूस कुलूप लावत नाही, ताई.”

तिनं दांडा उलटसुलट करून बघितला. “टेश्टर लावला आसता तं समजलं आसतं?”

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. “समजलं असतं,” मी म्हणाले. “तेवढं राहिलं.”

तेव्हा तिला राग आला. इतक्या वर्षांत कधी आला नसावा असा. “एवढं कुलूप लावाले टाइम होता अन् टेश्टर लावाले काय झालं होतं त्याले?” ती त्या रिकाम्या खणाला म्हणाली. “येडा का खुळा थो.” आणि मग जमिनीवर बसून ती रडली, मोकळ्या आवाजात, आम्ही दोघं तिथं आहोत याची पर्वा न करता. मीही रडले. मिस्त्री बाहेर जाऊन उभा राहिला.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं. पदराचं टोक लाल होतं, ते गालाला लागलं. कुलूप आणि किल्ली तिच्या मांडीवर होती.

“म्हनजे संध्याकाळी घरी येनार होते थे,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. “येणारच होते.”